मदतक्रमांकावरून ह.भ.प. आक्काताईंचा आवाज काढून टाकणेबाबत

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
शुभजल नागरी पाणी सेवा, कोल्हापूर.

अर्जदार: जोतीराम केरबा साळोखे, निवृत्त टंकलेखक, शिवाजी पेठ, कोल्हापूर.

विषय: जनसंपर्क विभागाने सर्जनशीलतेच्या नावाखाली कीर्तनातील वाक्य कापून वापरल्याबाबत.

संदर्भ: अर्जदाराने आपल्या मदतक्रमांकावर वेळोवेळी केलेले फोन, ज्यांना माणसाने उत्तर दिलेले नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करतो की, त्याची तक्रार पाण्याबद्दल नाही. पाणी एक दिवसाआड येते, कधी तेही येत नाही. पेठ त्याला सरावली आहे. तक्रार आहे ती आपल्या जनसंपर्क विभागाला अलीकडे फुटलेल्या प्रतिभेबद्दल.

१. आपले जनसंपर्क अधिकारी श्री. राजवर्धन यांना उन्हाळ्यात कळंबा तलावाजवळच्या एका हॉटेलात 'जनसंपर्कातील सर्जनशीलता: विकास आणि वापर' या शिबिरास पाठवण्यात आले होते. तेथे भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून प्रतिभा जागी करतात, असे त्यांनीच अर्जदारास कौतुकाने सांगितले. 'तक्रार' म्हणायचे नाही, 'संवादाची संधी' म्हणायचे. 'पाणी नाही' म्हणायचे नाही, ग्राहकाची प्रतीक्षा सुखद करायची. एवढी विद्या घेऊन साहेब परतले. गळकी वाहिनी सांधायचे शिबिर कुठे भरत असल्यास ते अर्जदाराच्या ऐकिवात नाही.

२. त्यानंतर साहेब माईक-कॅमेरा घेऊन आमच्या मारुतीच्या देवळात आले. तेथे ह.भ.प. आक्काताई निकम वर्षानुवर्षे कीर्तन करतात. "आक्का, संस्कृती जतन करायची आहे, रेकॉर्डिंग करू का?" असे साहेबांनी विचारले. आक्काताई भोळ्या. "करा की लेकरांनो. देवाचं नाव कुटं बी जाईना, चांगलंच हाय," म्हणाल्या, आणि कॅमेरावाल्यासकट सगळ्यांच्या कपाळाला त्यांनी बुक्का लावला. त्या दिवशी वस्त्रहरणाचे आख्यान होते. द्रौपदी धरलेला पदर सोडते, दोन्ही हात वर करून हाक मारते. तिथे आक्काताई टाळ थांबवतात, पेटीही थांबते, आणि त्या हळूच म्हणतात, "धीर धर, बाई. तो निघालाय." या वाक्याला अर्जदाराचे डोळे दरवेळी भरून येतात, आणि कार्यालयीन अर्जात हे लिहिण्याची त्यास लाज वाटत नाही.

३. नेमके तेच वाक्य कापून साहेबांनी आपल्या मदतक्रमांकावर बसवले. पाणी का आले नाही म्हणून फोन लावावा, तर खाली बासरी आणि वर आक्काताई: "धीर धर, बाई. तो निघालाय." संपले की पुन्हा पहिल्यापासून. अर्जदाराच्या शेजारी तानाबाई धुण्याचा ढीग पुढ्यात घेऊन फोन लावून बसल्या होत्या. त्यांनी फोन आपटला. "निघालाय म्हणं! पांगळा हाय का काय मुडदा?" आपला विभाग यालाच ग्राहकाशी नाते जोडणे म्हणत असावा.

४. पुढच्या कीर्तनात आक्काताई त्या वाक्यावर आल्या आणि मागून चिमणाबाई ओरडल्या, "आक्का, मंगळवारपासनं निघालाय की त्यो! वाटंत बसला व्हय?" अख्खे देऊळ हसले. आक्काताईही हसल्या. पण त्यांचा हात टाळांवर नुसताच राहिला, हे पुढच्या रांगेत बसणाऱ्या अर्जदाराने पाहिले.

५. सबब अर्जदार साहेबांना समक्ष भेटला. साहेब म्हणाले, "काका, पॉझिटिव्ह बघा ना. आक्कांचा आवाज घराघरांत पोचला." अर्जदाराने म्हटले, "आवाज पोचला, साहेब. ज्याचं बिल लावता त्येवढंच न्हाय पोचलं." त्यावर, "तुमच्या पिढीला क्रिएटिव्हिटी कळायची नाही," असा शेरा मारून साहेबांनी अर्जदाराची तक्रार एका पिवळ्या चिठ्ठीवर उतरवून भिंतीला चिकटवली. पंख्याच्या वाऱ्याने ती अर्जदारासमक्षच गळून पडली. तिच्यावरून शिपाई गेला.

६. प्रतिभेचा विषय निघालाच आहे म्हणून नमूद करणे भाग आहे. मागे ऐन आख्यानात वीज गेली. लोक चुळबुळू लागले. आक्काताई अंधारातच म्हणाल्या, "बघा, दुःशासनानं दिवं बी विझवलं. त्याला ठावं न्हाय, हाक ऐकायला उजेड लागत न्हाय." उठू पाहणारे जागच्या जागी बसले. एकच गोष्ट, ऐकणारे तेच, तरी दरवेळी नवी. यासाठी त्यांना हॉटेलात राहावे लागले नाही. साहेबांनी काय केले? दुसरीच्या तोंडचे वाक्य कात्रीने कापले. पेठेत याला सर्जनशीलता म्हणत नाहीत, आणि जे म्हणतात ते या अर्जात लिहिता येत नाही.

७. गेल्या शनिवारी पुन्हा तेच आख्यान होते. द्रौपदीने हात वर केले. हाक मारली. टाळ थांबले, पेटी थांबली. मागे दोघे-तिघे हसण्याच्या तयारीतच होते. आक्काताईंनी एकदा सगळ्यांकडे पाहिले, ते वाक्य गाळले आणि सरळ आरतीला उभ्या राहिल्या. महोदय, द्रौपदीने हाक मारली आणि आमच्या देवळात कोणीच आले नाही.

तरी विनंती की, येत्या गोकुळाष्टमीपूर्वी सदर आवाज मदतक्रमांकावरून काढून टाकावा. त्या जागी श्री. राजवर्धन यांनी स्वतःच्या आवाजात "आज पाणी येणार नाही" एवढेच म्हणावे. वाक्य खरे असल्याने त्याला बासरी लागणार नाही.

अष्टमीच्या कीर्तनास साहेबांनी जरूर यावे. सतरंजीवर बसावे लागेल. त्यांनी आपल्या तोंडाने एवढे सांगावे, की त्या फोनमधला आवाज आता बंद आहे. मग आक्काताई ते वाक्य पुन्हा म्हणतील, अशी अर्जदारास आशा आहे. आणि नंतर त्या साहेबांनाही बुक्का लावतील. त्यांचा तसा स्वभाव आहे, अर्जदाराचा नाही.

आपला, अद्याप नम्र,
(सही)
जोतीराम केरबा साळोखे
दिनांक: ११ ऑगस्ट २०२५

सोबत: गळून पडलेली पिवळी चिठ्ठी, शिपायाच्या चपलेच्या ठशासह.