दुर्बिणीतली वाकडी तार

६ ऑक्टोबर २००३
काल दसऱ्याला रायफलीशेजारी नव्या दुर्बिणीलाही झेंडूचं फूल वाहिलं. आज ती रायफलीवर बसवली. स्वतः! पुढचे-मागचे स्क्रू आलटून पालटून आवळले. मग बोल्ट काढून नळीतून बघत समोरच्या कागदावरचा काळा ठिपका मधोमध धरला, आणि रायफल न हलवता बटणं फिरवून दुर्बिणीतली फुली त्याच ठिपक्यावर आणली. लीला ओटीवर तांदूळ निवडत होती. म्हणाली, "एवढ्या हौसेने कधी बायकोकडे बघितलं नाहीत!"

रानडुक्कर मारायची परवानगी वनखात्याने महिनाअखेरपर्यंतच दिली आहे. आमच्या खालच्या मळ्यात दादू भात करतो. गेल्या साली डुकराने त्याच्या बायकोची, कमळाची, मांडी फाडली. आता भात पिकलंय, दोघं रोज मळ्यात. वाडीत रायफलीचा परवाना माझ्या एकट्याकडे. म्हणजे डुक्कर माझ्याच वाट्याचं.

८ ऑक्टोबर
वर सड्याच्या कातळमाळावर बंद पडलेली चिरेखाण आहे, तिथे गेलो. शंभर मीटरवर भिंतीला कागद लावला, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली. पहिल्या तीन गोळ्या खाली डावीकडे, पण एकमेकींना धरून. छान! बटणं फिरवून फुली सरकवली. पुढच्या तीन — एक आभाळात, एक पाताळात, एक कागदाबाहेर. आणि मग लक्षात आलं, फुलीची उभी तार मध्ये वाकडी आहे. केसभरच, पण वाकडी! म्हणे जर्मन भिंग!

९ ऑक्टोबर
स्क्रू सोडून पुन्हा आवळले. भिंगं मऊ फडक्याने पुसली. तार वाकडीच.

१२ ऑक्टोबर
दादू सकाळीच आला. "भाऊ, उभ्या भाताचा अर्धा कुणगा लोळवलान डुकरान. काय तो बंदोबस्त करा. कमळी मळ्यात जायाला भिते." उद्या पहाटे येतो म्हटलं. नाही कसं म्हणणार? संध्याकाळी खाणीत जाऊन पुन्हा नेम जुळवला. शेवटच्या गोळ्या बऱ्या पडल्या. चालेल, म्हटलं.

१३ ऑक्टोबर
चालवून घ्यायला नको होतं.

उजाडताना डुक्कर बांधावर आलं. मागे टेकडी, दादू उजवीकडे, चांगला लांब. फुली डुकराच्या खांद्यावर धरली, श्वास सोडला, चाप ओढला. गोळी दोन हात उजवीकडे गेली! बांधाच्या दगडावर आपटली आणि उसळून सूंऽ करत दादूच्या डोक्यावरून! डुक्कर पसार. दादू चिखलात बसला होता तो उठला, आणि चक्क हसला. "माजीच शिकार करताव की काय, भाऊ!"

मला हसू आलं नाही. इतक्या वर्षांत माझा नेम असा कधी गेला नाही. ही दुर्बीण विकणाऱ्या त्या कोल्हापूरच्या दुकानदाराला आता सोडत नाही.

१४ ऑक्टोबर
दुर्बीण काढून पार्सलने कोल्हापूरला परत पाठवली. सोबत चार खरमरीत ओळी.

१९ ऑक्टोबर
दुकानदाराचा फोन. "काका, दुर्बीण तपासली. आमच्या रायफलीवर लावून पण बघितली. सगळ्या गोळ्या एका जागी. तारा एकदम सरळ हाईत." खोटारडा! नको नको ते बोललो त्याला. लीला आतून म्हणाली, "जरा हळू, पूर्णगडापर्यंत ऐकू जातंय!" नवी दुर्बीण पाठव म्हणून ठणकावलं. ती आली की लगेच बांधावर जाणार. तसा दादूला निरोपही दिला. परवानगीचे दिवस संपत आलेत.

२० ऑक्टोबर
सकाळी तोंड धुताना डाव्या डोळ्यात साबण गेला. तो डोळा मिटून पंचा चाचपत होतो. समोर न्हाणीची खिडकी. तिचा मधला गज वाकडा दिसला.

साबण धुतला. उजवा डोळा मिटून डाव्याने पाहिलं. सगळे गज सरळ. पुन्हा उजव्याने, नेमाच्या डोळ्याने, पाहिलं. वाकडा.

भीती वाटते आहे. दुर्बीण चांगलीच होती. दादू थोडक्यात वाचला, तो माझ्यापासून.

रायफल कपाटात घातली आणि किल्ली लीलाच्या हातात दिली.