दुसरा भाग वरच्या मजल्यावर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, छापखान्यातली निवृत्त मुद्रितशोधक, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या हट्टाने हे मृत्युपत्र करीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यातल्या दोन चुका मी तांबड्या शाईने दुरुस्त केल्या आहेत, त्यावरून माझ्या शुद्धीची खात्री पटावी.

एक. दोन खोल्यांचा फ्लॅट पुस्तकांसकट माझ्या भाचीला मिळावा. ती पुस्तकं रंगांप्रमाणे लावून फोटो काढते. काढू दे बापडीला. वर्षातून एखादं उघडावं, एवढीच अट.

दोन. बँकेतली शिल्लक कोपऱ्यावरच्या वाचनालयाला, खिडकीजवळच्या टेबलावर चांगला दिवा बसवण्यासाठी. तिथे हल्ली लोक फोन चार्ज करायला येतात, ठाऊक आहे मला. उजेड असला तर चुकून वाचतीलही.

तीन. वाचक मंडळाच्या अध्यक्षांना माझी कागद कापायची सुरी. ज्या पुस्तकांवर त्यांनी तासतासभर भाषणं ठोकली, त्यांची पानं अजून एकमेकांना जोडलेलीच आहेत.

चार. अकरा वर्षांपूर्वी पुस्तक प्रदर्शनात मी आणि वरच्या मजल्यावरची माझी मैत्रीण, निवृत्त नर्स, अशा दोघींनी मिळून एक दोन भागांची कादंबरी घेतली. पहिला भाग मी नेला, दुसरा तिने. माझा वाचून झाला की अदलाबदल, असं ठरलं. पण बाईंना शेवटचं पान आधी वाचायची खोड! मंडळाच्या भर सभेत तिने सांगून टाकलं, नायिका मरते म्हणून. माझं डोकंच फिरलं. "पहिला भाग आता माझ्या मेल्यावरच मिळेल तुला," असं मी सगळ्यांदेखत बोलले. तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आलो तरी अबोला. त्या कादंबरीवर मात्र मंडळात दोघीही अधिकारवाणीने बोलतो. दोघींनी अर्धीच वाचली आहे, हे आजवर कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

शब्दाला जागून पहिला भाग तिला देत आहे. छतावरून तिची पावलं रोज ऐकू येतात आणि मला तिची फार आठवण येते, हेही इथे नमूद करते.

सही करण्यापूर्वी वाढवलेला मजकूर: दुसरा साक्षीदार आयत्या वेळी आलाच नाही. पहिले साक्षीदार असलेल्या तळमजल्यावरच्या औषधवाल्यांनी वर मैत्रिणीकडे जाऊन नुसतं "खाली मृत्युपत्र चाललंय" म्हटलं, तर ही अनवाणी धावत आली, काखेत दुसरा भाग. म्हणाली, "मी करते सही."

वकीलबाईंनी बजावलं, "साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही हं. सही केलीत तर पुस्तक गेलं."

तिने कलम चार वाचलं, या खेपेला पहिल्या ओळीपासून. मग डोळे पुसत माझ्यावरच खेकसली, "मेल्यावर कसलं देतेस गं? आण ते पेन!"

सबब कलम चार रद्द.

साक्षीदार:
१. तळमजल्यावरचे औषधवाले (न वाचता सही)
२. वरच्या मजल्यावरची नर्स

ठिकाण: माझं स्वयंपाकघर. गुरुवार, दुपारचे बारा. ती पहिला भाग मोठ्याने वाचू लागली आहे, म्हणून घाईत सही करते.

सही: मुद्रितशोधक, दुसरा मजला