टाच दिलेला वाफा

१९ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनी आणि मुलं मजेत असतील. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे, पण पूर्ण वाचल्याशिवाय बाजूला ठेवू नकोस.

इथे बागेच्या आवारातल्या घरात आम्ही दोघं ठीक. बाबांना भूक लागते, झोप लागते, रक्तदाब तर माझ्यापेक्षा चांगला आहे. चष्मा रोज हरवतो आणि रोज त्यांच्याच डोक्यावर सापडतो.

बागेचं म्हणशील तर यंदा छान चाललं होतं. दुर्मीळ झालेली औषधी झाडं वाढवायची आणि परत डोंगरावर नेऊन लावायची, हे आमचं काम तुला माहीत आहे. ‘थोरली’ आठवते? करवतीसारख्या पानांची, खोकल्यावरची. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक आहे, पण मी बाबांचंच नाव वापरते. डोंगरावर ती आता औषधालाही उरलेली नाही. बी इतकं हट्टी की कितीतरी हंगाम वाया गेले, तेव्हा कुठे एक वाफा धरला. येत्या पावसाळ्यात ती रोपं डोंगरावर न्यायची होती.

त्या वाफ्यापाशी मी बाबांना खुर्ची टाकून बसवायची. जन्मभर मुळ्या खणून व्यापाऱ्यांना विकल्या, आणि आता राखणीला! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं मी चिडवायची, आणि तेही हसायचे.

हे सगळं ‘होतं’ आणि ‘बसवायची’ असं लिहितेय, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

मागच्या आठवड्यात मी बियांच्या खोलीत काम करत होते. बाहेर आले तर वाफा मोकळा. बाबा नळाखाली मुळ्या धूत बसले होते. एक रोप म्हणून उभं नव्हतं. मला बघून म्हणाले, “बरं झालं आलीस. पाणी उकळायला ठेव. तुझ्या आईचा खोकला काही थांबत नाहीये.”

तू मला मिरची म्हणायचास ना? ती तिथे निघाली. मी ओरडले, “आई गेली, बाबा! कधीच गेली! कुणासाठी खणलंत हे?”

त्यांनी हातातली मुळी खाली ठेवली. “कधी?” म्हणाले. मग म्हणाले, “आणि मला कुणी सांगितलं कसं नाही?” आणि तिथेच ओल्या फरशीवर बसून रडले. आई गेली त्या दिवशी ते कसे रडले होते, तू पाहिलं आहेस. तसेच. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि मला विचारलं, “आईला काढा दिलास का?” मी म्हटलं, दिला.

हे लिहून संपवावं असं वाटतंय. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

त्याच सकाळी मी तो वाफा उलटला. खणलेल्या मातीत रोग शिरतो, म्हणून ती उलटून उन्हात तापवायची, हा आमचा नियमच आहे. मदतीला माणसं होती, पण कुदळ मीच घेतली. मला कशावर तरी राग काढायचा होता. ऊन चांगलं कडक पडलं होतं. दोन-तीन दिवसांनी बाबा फिरत फिरत तिकडे आले आणि थांबले. “हा कुणी उलटला? मी टाच दिली होती.”

ते खाली बसले, मातीत बोटं घालून चाचपत राहिले, आणि मुळीच्या शेंड्याचा एक सुकलेला डोळा काढून माझ्या हातावर ठेवला.

दादा, तुला सांगायला नको. मुळी काढली की तिचा वरचा डोळा मोडून त्याच खड्ड्यात परत लावायचा, माती लोटायची, वरून टाच द्यायची. पुढच्या वर्षी तिथेच झाड. लहानपणी त्यांच्यामागून टाच देत आपणच चालायचो. तू धप्पकन द्यायचास आणि मी भांडायची. बाबा बायकोचं जाणं विसरले, कधी कधी माझं नावही विसरतात. पण त्यांनी एकूण एक डोळा परत लावला होता. ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. पण त्यांच्या हातून अजून काही शहाणपणाचं होऊ शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आम्ही दोघांनी सगळी माती चाळली. सगळे डोळे वाळून गेले होते. थोरली मी मारली, त्यांनी नाही.

आमच्या प्रमुख बाईंना मी खरं ते सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “चूक तुमची झाली, मान्य. पण तुम्ही ती पुन्हा करणार नाही. ते पुन्हा खणतील.” बाबांना आता बागेच्या आवारात राहता येणार नाही. नोकरी सोडून त्यांना घेऊन निघावं, असंही मनात आलं. पण शीतपेटीत थोरलीचं थोडं बी शिल्लक आहे, आणि ते रुजवायची खुबी फक्त मलाच ठाऊक आहे. मला दोन्ही जमत नाहीये, दादा. फार वाईट वाटतंय.

म्हणून लिहितेय. त्यांना घेऊन जा.

काढे पाजत बसले आणि आईला दवाखान्यात न्यायला उशीर केला, म्हणून तू त्यांचं तोंड बघत नाहीस. उशीर झाला, मी नाही म्हणत नाही. पण ज्याच्याशी तू भांडतोयस तो माणूस ते भांडण विसरून गेलाय. रोज संध्याकाळी दाराकडे बघत विचारतो, “दादा आला का गं कामावरून?”

रविवारी ये. त्या मुळ्या वाळवून त्यांनी आईच्या रुमालात बांधल्या आहेत. ती पुरचुंडी कुणाला हात लावू देत नाहीत. तू दिसलास की ती तुझ्या हातात ठेवतील आणि सांगतील, आईला काढा करून दे. तेव्हा तुझ्या ओठावर काय येईल ते मला माहीत आहे. माझ्याही आलं होतं. ते गिळून टाक. पुरचुंडी घे आणि ‘देतो’ म्हण. एवढंच म्हण.

वाट बघतेय.

खोटं बोलायला शिकलेली,
तुझी मिरची