बाबांना कळू नये म्हणून

वारजे. सोमवार, संध्याकाळ.

आज पहिल्यांदाच जिमला गेले. ट्रेडमिलवर लगेच धाप लागली. ट्रेनर हसून म्हणाली, "लग्न ठरलंय वाटतं, मॅडम?" मी हो म्हणाले. काय सांगणार? बाबांना माझ्या लिव्हरचा तुकडा द्यायचाय, पण माझ्याच लिव्हरवर चरबी आहे, वजन उतरल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशन करणार नाहीत, हे? तोवर बाबा टिकतील ना?

घरी आले. बाबांचे डोळे कालपेक्षा जास्त पिवळे वाटले. मला लंगडताना बघून म्हणाले, "कशाला गं हा छळ? आहेस तशीच छान आहेस. उद्या जाऊ नकोस."

लिव्हर देणारी मीच, हे त्यांना सांगितलेलं नाही. कळलं तर साफ नको म्हणतील.

"बरं," मी म्हणाले. पहाटे ते उठायच्या आत जाऊन येईन.