वजनाच्या रकान्यात खरं

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (साष्टांग घालायला हल्ली पोट आडवं येतं, म्हणून मनातल्या मनात घातला आहे). तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला, की अजून शेजाऱ्यांना उठवतोय? मी बरा आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तर आमच्या विमानशाळेने जुनी विमानं विकायला काढली आणि नवी निवडायला तिघांची समिती नेमली: मोठे साहेब, मिस्त्री, आणि एकवीस वर्षं पोरांना उडवायला शिकवतोय म्हणून मी. दोन विमानं बघायला आली. दोन्हींत दोनच खुर्च्या, एक शिकणाऱ्याची, एक माझी. पहिलं चांगलं ऐसपैस. दुसरं इतकं हलकं की मिस्त्रीने एकट्याने ढकलत नेऊन सावलीत लावलं. त्यात त्याने मला खांद्याने रेटून बसवलं. दार लागलं, पट्टाही कसाबसा लागला, पण विमानाचं नाक वर करायचा दांडा पुरता मागे येईना, कारण मागे मी होतो. विकायला आलेला माणूस फार सभ्य, तो तेवढा वेळ धावपट्टीकडे बघत राहिला.

मग वजनाचा तक्ता निघाला. हलक्या विमानात दोन माणसं आणि इंधन मिळून एकशे ऐंशी किलो चालतात. मिस्त्रीने मला सुट्या भागांची खोकी तोलायच्या काट्यावर उभं केलं. एकशे सहा! ताई, अकरा वर्षं मी उड्डाणाआधी भरायच्या वजनाच्या रकान्यात अठ्ठ्याऐंशी लिहीत आलो (लग्नातला कोट अंगात जायचा तेव्हाचा आकडा). माझं जुनं विमान चढताना कण्हायचं, आम्हाला वाटायचं इंजिन म्हातारं झालं. मिस्त्रीने बिचाऱ्याने दोनदा ते अख्खं उघडून पाहिलं होतं. काट्याकडे बघून तो नुसता हात पुसत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अडुसष्ट किलोंचा विद्यार्थी धरला तर इंधनाला उरतात सहा किलो. तेवढ्यात विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत जाऊन, विचार बदलून परत येईल.

मिस्त्रीचं मत तरीही ऐसपैस विमानाला. ‘सर बसतात ना त्यात,’ एवढंच त्याचं कारण. साहेबांचं हलक्याला. राहिलो मी. ऐसपैस मी उडवून पाहिलं होतं. वळताना वेग पडला की ते काही न सांगता एका अंगावर कलंडतं. मी सावरलं, पण पहिल्यांदा एकटं गेलेलं पोर सावरेलच असं नाही. हलकं (ते साहेबांनी उडवलं) आधी चांगलं थरथरतं, पोराला वेळ देतं. मी हलक्यासाठी हात वर केला, आणि तो खाली येईपर्यंत वर्गातला मास्तर झालो. आता फळा, खडू आणि खिडकीतून दुसऱ्यांची विमानं. वजन उतरव म्हणशील. दोन महिने एक वेळ जेवतोय, दीड किलो उतरलं, डॉक्टर म्हणाले तेही पाणीच, आणि ते आठवड्यात परतही आलं. फार वाईट वाटतं गं. परवा हँगरमध्ये कुणी नाही असं बघून रडलो (मिस्त्री विमानाखाली होता, तो बाहेरच आला नाही).

बाकी सर्व ठीक. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
जड झालेला भाऊ

ता. क. पत्र खरं तर यासाठी: शेवटचं जुनं विमान तीस तारखेला जातंय. तुझी लेक पाच वर्षांची असल्यापासून मी तिला विमानातून फिरवायचा शब्द दिलाय आणि तू दर वर्षी ‘पुढच्या वर्षी’ म्हणत आलीस. आता माझ्याकडे पुढचं वर्ष नाही. तिला त्याआधी पाठव.

ता. क. दुसरा. पाठवताना तिचं वजन कळव, बुटांसकट आणि खरं. ती जितकी हलकी, तितकं इंधन जास्त, तितका वेळ आम्ही वर राहू. पण म्हणून कमी सांगू नकोस. मी या वेळी एकशे सहाच लिहिलंय.