आईनं तंबू फिरवाले लावला

अर्जुनदादा,

तुले फोनवर सांगितलं की आम्ही नागपूरले मावशीकडे आहो. खोटं होतं. मी आईले कांगेर घाटीच्या जंगलात तंबूत झोपवून आणलं. हे पत्र पाठवाची हिंमत नाही, तरी लिहून राहिली.

बाबा गेल्यापासून आई एकटी झोपत नाही, हे तुले माहीत आहे. अन् मले नवा रायपूरच्या ऑफिसातून सहा महिने राष्ट्रीय उद्यानं फिरून लिहायचं काम भेटून राहिलं. तू म्हणाला, "तिले सोडून गेली तर माझ्याशी बोलू नको." म्हणून हो म्हणायच्या आधी एकदा तिलेच घेऊन गेली.

नदीकाठी तंबू ठोकला. आई आत गेली अन् लगेच बाहेर आली.

"उल्के, उत्तर कुठं आहे?"

गावातल्या गाइड दीदीनं हात दाखवला. उशी नेमकी तिकडेच.

"उत्तरेले डोकं करून मी नाही निजत!"

आठही खुंट्या उपटून आम्ही तिघींनी तंबू फिरवला. दीदी आईले हसून म्हणाली, "हव दाई, अब भालू भी दिशा पूछके आएगा."

सकाळी आई नदीवर तोंड फुगवून बसली होती. मले वाटलं, संपलं सगळं.

"काय झालं, आई?"

"रातभर लाथा मारून राहिली तू मले. पुढच्या वेळी माझा तंबू वेगळा लाव."

मी लगेच खुंट्या उपटाले लागली. 'पुढच्या वेळी' म्हणाली म्हणजे ती यायले कबूल झाली, हे तिच्याच ध्यानात येईल म्हणून भ्यायली. काल रायपूरले तात्यापाऱ्यातल्या आपल्या घरी पोचल्याबरोबर ऑफिसले फोन करून हो म्हटलं.

तू बोल नको बोल, तुझीच,
उल्की