चष्म्याने केलेली चुगली

चि. सौ. छकुलीस (साठी उलटली तरी आमच्या लेखी छकुलीच),

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे मजेत. मेहुण्यांची प्रकृती उत्तम असेल, असं धरून चालतो. बऱ्याच दिवसांत तुझा फोन नाही, म्हणून म्हटलं पत्रच लिहावं.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशन करून आत लेन्स कसली बसवायची, जवळची, लांबची की मधल्या अंतराची, एवढाच प्रश्न होता. मी छाती काढून सांगितलं, घड्याळजी आहे, जवळचीच द्या. पण डॉक्टरीणबाईंचा माणसांच्या बोलण्यावर विश्वास नाही (म्हणे, पेशंट सांगतो एक आणि दिवसभर बघतो भलतंच). त्यांनी माझ्या चष्म्याच्या काडीला नखाएवढं यंत्र अडकवलं. समोरची वस्तू किती लांब, उजेड किती, मान किती वाकली, सगळं ते टिपतं. आठवडाभर घालून हिंडा म्हणाल्या. हिंडलो. गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचो, नजरेची चौकशी चालू आहे.

आठवड्याने बाईंनी आलेख उघडला आणि माझ्याकडे अशा काही बघायला लागल्या की विचारू नकोस. माझा बहुतेक दिवस म्हणे छताकडे बघण्यात जातो! तुझी वहिनी म्हणाली, मला लग्नापासून संशय होताच. अगं, काम करताना मी चष्मा कपाळावर सरकवतो आणि डोळ्याला भिंग लावतो, तू दुकानात पाहिलंयस की. डोळा बिचारा घड्याळात राबत होता आणि यंत्र वरचा पंखा न्याहाळत होतं.

कपाळावरचा वेळ वजा केल्यावर उरलं एकच अंतर, दीड-दोन हात. जेवताना तेच, चहा घेताना तेच. बाईंनी विचारलं, तिथे असतं काय? वहिनी म्हणाली, मी असते. माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात, मी पाठ केली की उत्तरच देत नाहीत. मी जरा लाजलो (या वयात प्रेम उघडं पडलं म्हणून). पण बाई वस्ताद. हातातली फाईल तोंडापुढे धरून काहीतरी बोलल्या. मी म्हटलं, पुटपुटू नका हो. फाईल खाली करून तेच पुन्हा बोलल्या, तर लख्ख ऐकू आलं: “आजोबा, कधीपासून ओठ वाचताय?”

छकुले, मी हबकलोच. मला खरंच वाटायचं, हल्ली लोकच पुटपुटतात. मोतीबिंदू वाढत गेला तसे ते जास्तच पुटपुटायला लागले, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. राग आला, वाईटही वाटलं. एक दुखणं घेऊन गेलो आणि दोन घेऊन आलो. मग विचार केला, घड्याळांसाठी भिंग आहे, माणसांसाठी मात्र डोळेच. मधल्या अंतराची लेन्स सांगितली. वहिनीला म्हटलं, तुझ्या तोंडाचं माप घेऊन बसवतायत. हसली (हसलेली दिसली, आवाजाचं मला विचारू नकोस).

तुझा,
दादा

ता. क. कानाच्या डॉक्टरकडेही जाणार आहे. एका वेळी एकच अवयव.

पुन्हा ता. क. गेल्या महिन्यात तू फोनवर बराच वेळ मेहुण्यांविषयी काही सांगत होतीस. मी “वा वा, छान झालं” म्हणालो आणि तू फोन ठेवलास. तेव्हापासून तुझा फोन नाही. वर त्यांची प्रकृती उत्तम असेल असं लिहिलंय, ते आता खोडावंसं वाटतंय. काय सांगत होतीस गं? फोन करू नकोस. ये, आणि माझ्यासमोर बसून सांग.